डोलकाठीची उंची

हंगामाच्या पहिल्या आठवड्यात
रात्री तीनदा उठले मी.
फाटकाला कुलूप घातलं होतं ना?
सायकल काढली. चार किलोमीटर वारा तोंडावर,
बांधावर मेंढ्या एकमेकींत शिरून निजलेल्या,
आणि कुलूप जागच्या जागी,
थंडगार, माझ्याहून शहाणं.

परत येऊन पाठ टेकते न टेकते
तोच मन म्हणालं: पाहिलंस खरं,
पण ओढून पाहिलंस का?

फ्रीसलंडच्या या सपाट मुलखात
लपायला डोंगर नाही.
यायचं ते लांबूनच दिसतं:
पाऊस, टपालवाला, सासू.
तरी माझ्या पोटात गोळा
तो न दिसणाऱ्याचाच.

गेरलोफ या पुलावर एकतीस वर्षं.
मी काही सांगितलं नव्हतं त्याला,
सायकलच्या चिखलावरून ओळखलं असावं.
धीर वगैरे दिला नाही त्यानं.
काळजी करू नकोस, हे तर नाहीच;
ते म्हणजे पाण्याला सांगणं, ओलं होऊ नकोस.
थर्मासचं झाकण फिरवत म्हणाला,
"काल दुपारी पूल किती वेळा उचललास?"
बावीस.
"नावा किती आल्या?"
बावीस.
"आणि उंच किती होत्या त्यातल्या?"

खांबावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय,
रोज सकाळी पुसते मीच ते: दोन मीटर साठ.
त्याहून बुटक्या नावांतली माणसं
वाकून, खाली बसून, टोपी धरून
आपली आपण पलीकडे जातात.
मी मात्र वल्ही मारणाऱ्या पोरांसाठीही
घंटा वाजवलेली,
तांबडा दिवा, फाटकं खाली,
दुधाचा टँकर थांबलेला, शाळेची बस थांबलेली,
अख्खा रस्ता ताटकळत,
आणि खालून गेलं कोण?
एक होडगं, दोन पोरं, एक ओलं कुत्रं.

"वित्स्के," तो म्हणाला,
"नावा येणारच. कालवा आहे हा.
उचलण्याआधी डोलकाठी बघत जा."
मला वाटलं, म्हातारा फक्त पुलाबद्दल बोलतोय.
बहुधा तसंच होतं.

त्या रात्री पुन्हा लागली रांग.
बहीण फोनवर "बरं" म्हणाली, ते तुटक नव्हतं का?
बुटकी. गेली खालून.
डाव्या दाढेची कळ,
डोकं जरा घासलं तिचं, पण गेली.
मग बाबांच्या तपासणीची तारीख, मंगळवार.
हिची काठी लांबूनच दिसली,
खोटं कशाला बोलू, ढगाला टेकलेली.

उठून बसले.
रस्ता थांबवला, पूल उचलला पुरता.
दिव्याखाली कागद घेऊन लिहिलं:
सव्वानऊ. गाडी हिल्केची. जुने रिपोर्ट.
डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तीन,
चौथा खोडला, तो माझ्या भीतीचा होता.
हळूहळू गेली ती,
वारा पडलेल्या शिडाच्या नावेसारखी.

जकात घ्यायची रीत आहे इथं:
गळाच्या काठीला लाकडी जोडा बांधायचा,
नावेवर सोडायचा, नाणं पडलं की वर ओढायचा.
कधी बटणं येतात त्यात, कधी परक्या देशाचे पैसे.
तिच्याकडून मला
तो कागद मिळाला.

आणि मग पूल खाली.
शिकवताना हे कुणी सांगत नाही:
उचलण्याइतकंच मिटणंही कामच आहे.
उभा पूल ठेवून झोपता येत नाही,
शिवाय तिकडे दूध नासत असतं.

बरी झाले असं नाही.
गुरुवारी पुन्हा गेले कुलूप बघायला.
एकदाच. ओढून पाहिलं नाही.
येताना मेंढ्यांत एकटीच जागी होती एक,
रवंथ करत माझ्याकडे टक लावून.
तिला म्हटलं, झोप बाई,
मी बघून आलेय.