मिठाची रास

जनरेटर माझा. डिझेलचे पैसे वेगळे, म्हटलं.
ऑडेट म्हणाली, चालेल, तेवढा आवाज कमी कर.

आगरवाड्याच्या मिठावर मग हलायला लागलं:
बापाचा पोर्तुगीज पासपोर्ट, तिचं आधार कार्ड,
बाप्तिस्म्याचा दाखला, आणि त्याच्याही आधीचं
घरात कुणी न उच्चारलेलं आडनाव,
एकावर एक, ओलसर.
स्पीकरमधून वाड्यावरचेच गळे विचारत होते:
कोणाची गो तूं? खंयची?

शेवंती मिठगावडी करवंटी घेऊन आली.
हुमणाला कमी पडलं, म्हणाली,
आणि नेमकी आडनावातच खुपसली.

खळगा पडला. दोन अक्षरं आत घसरली.

मी मशीन बंद करायला उठलो.
ऑडेट नको म्हणाली,
आणि हुमणाच्या वासामागून गेली.
डिझेल अजून जळतंय.