पान दोनशे बारा

"पान दोनशे बारावर हा मुलगा मोठा होतो,"
वर्गीस मिस म्हणाल्या, "खाली रेघ मारा."
आम्ही सगळ्यांनी मारली. पट्टी लावून.
खिडकीबाहेर रुवीचे बोडके डोंगर,
नीट न पुसलेल्या फळ्यासारखे.

कादंबरीत एक विहीर होती.
विहीर म्हणजे सदसद्विवेक, गुण पाच.
दोर म्हणजे आई.
आणि तळाशी दिसणारं आभाळ म्हणजे
काय ते आता आठवत नाही.
गाइडात होतं.

त्याच आठवड्यात माझ्या चेंडूनं
प्रभुदेसाईंच्या गाडीचा आरसा फुटला.
संध्याकाळी सगळी बिल्डिंग खाली जमली
तेव्हा मोनिरुल तिथेच होता, बादली घेऊन,
पहाटे चारपासून गाड्या पुसून
साबणानं भेगाळलेली बोटं.
"यानंच फोडला असणार," कुणीतरी म्हणालं.
मग दुसऱ्या कुणीतरी.
बावीस रियाल. साडेपाचचे चार हप्ते.
मी बाबांच्या पाठीमागे.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.
त्याला माहीत होतं,
गाडीखाली सरपटत जाऊन
चेंडू त्यानंच तर काढून दिला होता मला.

रात्री उत्तर पाठ केलं:
नायक खरं बोलतो, कारण विहिरीत वाकल्यावर
त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो.
पाचपैकी साडेचार.
अर्धा गुण अक्षराचा गेला.

मी मोठी झाले त्याला पान नाही.
तीन हप्ते कापून झाल्यावर एका शुक्रवारी
घड्याळासाठी साठवलेले साडेसोळा रियाल
खाऊच्या डब्यात घालून
आधी प्रभुदेसाईंची बेल वाजवली.
बोलले. त्यांचा चहा हातातच राहिला.
"अगं, एवढ्याशा गोष्टीसाठी," ते म्हणाले,
आणि मला ते 'एवढ्याशा' अजून आवडत नाही.
मग जिना उतरून खाली.
खाली दुसराच माणूस, दुसरीच बादली.
मोनिरुल? बरक्याला गेला.
की घरी. कोण लिहून ठेवतं?

आता त्याच शाळेत तीच कादंबरी मी शिकवते.
परवा मागच्या बाकावरून एकीनं विचारलं,
"मिस, विहीर म्हणजे नक्की काय?"
म्हटलं, विहीर म्हणजे विहीर.
तिच्यात पाणी असतं.
ती कुणीतरी खणलेली असते.
आधी एवढं लिही.