कोंतार

रात्री साडेदहाला, विडी घरकुलात,
एकाच कानात इअरफोन (दुसरा बंद पडलाय),
मी स्पॅनिश शिकते.
आजचं क्रियापद कोंतार. अर्थ : मोजणे.
त्याच्याच खाली : सांगणे, गोष्ट वगैरे.
एका शब्दात दोघं कसे काय राहतात?
आम्ही एका खोलीत राहतो तसे, बहुतेक.

समोर अम्मा, मांडीवर सूप,
पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधते.
ओठ हलतात. मोजते की काही सांगते,
मला आजवर कळलेलं नाही.
नाना गेले त्या सालापासून ती मोजकंच बोलते.
मोजकं.
म्हणजे मराठीनंही त्या दोघांना
कधीच एका पाटावर बसवलंय.

नियम असा : मूळ कोंत.
पण मी क्वेंतो, तू क्वेंतास, ती क्वेंता.
जोर मुळावर आला की ओ फुटतो.
काय पुटपुटतेस गं, अम्मा विचारते.
भार पडला की शब्द आतून तुटतो, मी सांगते.
ती विडीचं तोंड नखानं दुमडते :
मग त्यात शिकायचं काय?

खरंय. आपलं सूतही तसंच,
सुताला म्हटलं की आखडतं.
आणि जातो म्हणालेला माणूस
गेला होताना तर
धातूसकट बदलून जातो.

परवा अक्कलकोट रोडला, गड्डम शेटच्या कारखान्यात,
लिमाहून पत्र आलं. शेवटची ओळ :
कोंतामोस कोन उस्तेदेस.
मी भाषांतर केलं, आम्ही तुमच्यासोबत मोजतोय.
शेट पांढरे पडले. मागच्या खेपेला बारा नग कमी गेले होते.
रात्रभर सिद्राम, इरय्या, मी, आणि बनियनवर शेट स्वतः,
चार हजार आठशे टॉवेल पुन्हा मोजत बसलो.
सिद्राम मेहुण्याच्या लग्नातल्या भांडणाचं सांगायला लागला,
तिथंच आकडा हुकला. परत एकपासून.
पहाटे मी कोश उघडला :
कोन लागलं की अर्थ भिस्त.
तुमच्यावर भिस्त आहे आमची.
शेटना अजून बोलले नाहीये.

घरी आले तर अम्मा जागीच.
चेकर छाट काढतो गं, जरा मोज,
मला दिसेना आता.
मी अर्धं सूप माझ्याकडे ओढलं.
तिसऱ्या कट्ट्याला ती आपसूक सुरू झाली, तेलुगूत,
धोटा मागावरून उडून
नानांच्या भुवईला कसा लागला होता,
आणि ते हसले कसे होते.

कोंतामोस, मी मनात म्हटलं.
इथं ओ फुटत नाही,
जोर पुढचं अक्षर उचलतं.
आम्ही की आपण, ते मात्र स्पॅनिशला विचारू नये.

कितवा झाला? तिनं मध्येच थांबून विचारलं.
माझा आकडा केव्हाच सुटला होता.
सांग तू, मी म्हटलं.