शेवटचं अक्षर

ड्रॉइंग पहिल्यांदा आलं तेव्हा
शिरोलीत आमच्या फौंड्रीला गेटसुद्धा नव्हतं,
नुसता बांबू आडवा.
एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, चार सिलिंडरचा,
पार्ट नंबर दोन:
एकाच्या शेवटी ए, दुसऱ्याच्या एस.
बाकी आकडे तेच.
फक्त एसच्या नळ्या आतून दोन मिलिमीटर मोठ्या
आणि वळणं जरा मोकळी,
श्वास कुठं अडू नये म्हणून.

हिराओका नागोयाहून आले होते,
हातरुमालात गुंडाळलेला स्वतःचा व्हर्निअर घेऊन.
इलाही शिकलगारनं विचारलं,
गाडी एकच, मग पार्ट दोन कशाला?
दुभाष्या पोरगा अडखळला.
हिराओकांनी साच्याच्या काळ्या वाळूत बोटानं रेघ मारली.
हा बाप. मागं दोन पोरं, डिकीत तांदूळ.
रेघेच्या पलीकडं पुन्हा बोट टेकलं.
हाही तोच बाप.
पण रात्री. पोरं झोपल्यावर.

इलाही म्हणाला, अहो मग तसं सांगा की.
आमचा थोरला बँकेत कॅशियर,
पहाटे तालमीत, दहाला काउंटरवर.
इस्त्रीच्या पँटीत लंगोट हाय,
कुणाला दिसतंय?

त्या रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर
हिराओका फेसाची मिशी पुसायची विसरले
आणि म्हशीकडं बघत राहिले,
टॉलरन्स लिहिलेला नाही अशी वस्तू
पहिल्यांदाच बघत असल्यासारखे.

मी तपासणीच्या खोलीत, एसीत, गेज घेऊन.
ती गाडी मी कधी पाहिली नाही.
आपल्याकडं ती आलीच नाही.
मला ती ठाऊक आहे
ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या बारीक तक्त्यातून.

सुधारणा तीन: भिंत पातळ, साडेचारची चार.
सुधारणा पाच: गाडी तळहातभर रुंद.
पोरं वाढली असणार, कोपर लागत असणार एकमेकांना.
सुधारणा सहा: आवाज मऊ करावा.
कुणाची तरी आई
मागच्या सीटवर बसायला लागली होती.

सुधारणा सातला एसमध्ये टर्बो आला,
आणि त्या महिन्यात शंभरातले एकतीस मी नापास केले.
तिसऱ्या वळणात केसाएवढा तडा.
लाल रंगानं फुली मारत होते,
आणि भट्टीवर कुणी माझ्याशी बोलत नव्हतं.
इलाहीनं डबा उघडला नाही सलग तीन दिवस.
चौथ्या दिवशी रायझर अंगठाभर डावीकडं सरकवला,
कुणाला न विचारता,
ओतलं, थंड होऊ दिलं,
आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं,
म्हणाला, मार फुली, हिंमत असंल तर.

नाही मारली.

सुधारणा आठ: रायझरची जागा बदलली.
पुढं तारीख. पुढं तिथल्या कुणाची तरी सही.

नववी आली नाही.
आलं ते चार ओळींचं मेल:
लोकांना आता उंच गाड्या हव्यात.
पॅटर्न पंधरा वर्षं जपून ठेवावेत.
आम्ही ते माळ्यावर ठेवले, प्लास्टिकमध्ये,
दसऱ्याला पुसतो, झेंडूचं एक एक फूल.

यंदा मार्चअखेरीला ऑर्डर आली. अकरा नग.
अकरा! भट्टी पेटवायचा खर्चही निघत नाही.
मालक नको म्हणत होते.
मी कागद पुन्हा वाचला.
अकराच्या अकरा एस.

इलाहीला फोन केला. गुडघे गेलेत त्याचे,
नातवाच्या स्कूटरवर मागं बसून आला.
ओतकाम कोमट झाल्यावर
तिसऱ्या वळणावर हात फिरवून बसला,
काही बोलला नाही.

तिथली पोरं आता घर सोडून गेली असतील.
मग अजून कुणासाठी
रात्री इतकं हळू
गाडीचं दार लावतात ते?