फट

चावी अर्धीच फिरवली, इंजिन चालू नाही केलं.
"कान दे," लोटनमामा म्हणाला.
बॉनेटखाली काहीतरी घुमलं,
काडेपेटीतल्या भुंग्याएवढं,
आणि थांबलं.
"ही मोटर."

पूर्वी इथे तार असायची.
धरणगावच्या उन्हात सैल पडायची, तुसं निघायची,
मामा ती बोटाने ओढून सांगायचा
गाडीवाला भित्रा आहे की तापट.
आता पाय नुसता मागतो.
पॅडलमागचे दोन सेन्सर मागणी कळवतात,
डबा बघतो: इंजिन गार आहे का, एसी लावलाय का,
मग मोटरला वीज देतो, तुकड्या-तुकड्यांनी,
प्लॅस्टिकचे दाते सरकतात,
गोल ताटली कलते
आणि हवा आत जाते.
आधी हवा. पेट्रोल तिच्या हिशोबाने.
हे मला तीन उन्हाळ्यांनी कळलं.

चोपड्याच्या सिस्टर, हेमलता बाविस्कर,
रात्रपाळी करून निघाल्या,
तापीच्या पुलावर गाडी मेल्यागत झाली.
"पाय दाबस, पन आयकतच नई!"
तिथून इथवर दीड तास,
मागे केळीचे ट्रक भोंगे वाजवत.

खोललं. एक दात तुटलेला. एकच.
डबा म्हणाला होता बारा अंश,
ताटली अडली नवावर,
दोन्ही साक्षीदारांनी नऊच सांगितलं.
डब्याने मोटरची वीजच काढून घेतली.

मला वाटलं, मग तर सगळं मिटायला हवं.
मामाने ताटली बोटाने दाबून सोडली:
एक स्प्रिंग मिटवायला, एक उघडायला,
दोघींच्या भांडणात ती जरा उघडीच राहिली,
नख जाईल एवढी.
तेवढ्या फटीतून
सिस्टर धरणगावला आल्या.

ज्याने ही स्प्रिंग आखली
त्याने तापी बघितली नसणार.
पण रात्रपाळी केली असणार कधीतरी.

जुन्या गाडीचा थ्रॉटल काढून बसवला, काजळी पुसली.
"चावी फिरवा. पॅडलला पाय नका लावू,
मोटर स्वतःची हद्द शिकतेय."
बाईंनी चपला काढल्या,
बंगईवर बसावं तसे
दोन्ही पाय सीटवर घेतले.
मामाने कळण्याची भाकर मोडली.

भुंगा घुमला.
परत एकदा.
सिस्टरना तोवर
बसल्या जागी डुलकी लागली होती.