अर्थिंग

लोणारे काका रिटायर झाले तेव्हा
वीज खात्याने घड्याळ दिलं, नारळ दिला.
टेस्टर त्यांनी स्वतःच ठेवून घेतला,
पिवळ्या मुठीचा, टोकाशी काळवंडलेला.

तोच फिरतो आता दर गुरुवारी
विहाराच्या मागच्या ओट्यावर,
वंदना आटोपून बाया घरी गेल्या की.
ज्याच्या हाती टेस्टर, त्याने बोलायचं.
बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही,
'होते गा असं' म्हणायचं नाही,
'मर्द हायेस ना' तर नाहीच नाही.
खर्रा चालेल, म्हणतात काका,
तोंड भरलेलं असलं की ऐकणं बरं जमते.

मला त्यांनी नहराच्या पुलावर गाठलं होतं,
रात्री साडेअकराला, मोबाइल बंद.
मी तिथं काय करत होतो
ते त्यांनी विचारलं नाही, मीही इथं सांगत नाही.
शेजारी बसले. वरच्या तारांकडे पाहत राहिले, सवयीने.
मग म्हणाले, 'गुरुवारी येजो सुगत,
दोन पंखे दुरुस्त करायचे हायेत.'

दोन पंखे आम्हाला पाच गुरुवार पुरले.

अंकुशने स्क्रू पिळता पिळता सांगितलं
की बायको माहेरी गेली तेव्हापासून
तो ट्रॅक्टरवरच झोपतो, घरात आवाज होतो म्हणून.
कसला आवाज, कोणी विचारलं नाही.
हरिचंद मास्तर टेस्टर घ्यायचे,
'आज काही नाही' म्हणून पुढे द्यायचे.
तेही चालायचं.

एकदा काकांनी स्वतःच धरला, बराच वेळ.
'अर्थिंग नसलं तरी दिवा लागते, पंखा फिरते,
घर सारं बरोबर दिसते.
मग एक दिवस लहान पोट्टं ओल्या हाताने
कूलरला शिवते.'
थांबले.
'माह्या हाताखाली निकेश होता. तेवीस वर्षांचा.
लाइन बंद हाये, चढ, असं मीच म्हणालो.
कागदावर दुसऱ्याची चूक लागली.
अकरा वर्षं झाली. बायकोलेही नाही सांगितलं.'
वरच्या बल्बवर पाखरं आपटत होती.
सल्ला द्यायचा नाही, हा नियम
त्या रात्री फार जड गेला.

माझा बाप, फत्तू, सहाव्या गुरुवारी आला.
पंखा बघायला आलो म्हणाला.
तीन गुरुवार नुसता पंखाच बघितला.
चौथ्याला टेस्टर हातात आला तेव्हा
त्याने तो विळ्यासारखा धरला
आणि धरणात गेलेल्या आमच्या गावाबद्दल बोलू लागला.
घराबद्दल नाही. विहिरींबद्दल.
एक वरची, एक आपली.
आठ वर्षांचा असताना वरच्या विहिरीच्या दोराला हात लावला
म्हणून त्याच दोराने मारलेलं.
पाठ दाखवली नाही. दाखवावी लागली नाही.
'आता दोन्ही एकाच पाण्याखाली हायेत,' तो म्हणाला.
'काठावर जातो मी कधी कधी.
रडा वाटते.
पण कोणत्या विहिरीसाठी, थेच समजत नाही गा.'

काकांनी फक्त पाण्याचा गडवा पुढे सरकवला.
अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा लागतो, मीठ लागतं,
आणि उन्हाळ्यात पाणी ओतावं लागतं,
हे त्यांनी मला नंतर कधीतरी शिकवलं,
शाळेच्या मागे खड्डा खणताना,
घामाने दोघंही चिंब.

त्या रात्री बाप पुढे, मी मागे.
टॉर्च त्याने मागे वळवून धरलेला,
उजेड माझ्या पायाशी पडेल असा,
स्वतः अंधारात ठेचकाळत.
पिंपळापाशी आल्यावर, न वळता, म्हणाला,
'अर्धा सेंटीमीटर ना?'

पोलीस भरतीत छाती कुठं कमी पडली
ते मी घरी कोणालाच सांगितलं नव्हतं.
जागाच कमी होत्या, असं सांगितलं होतं.
रात्री आईच्या शिलाई मशीनची टेप छातीला गुंडाळून
श्वास भरून उभा राहायचो,
तेव्हा तो खाटेवर
भिंतीकडे तोंड करून झोपलेला असायचा.

'हो,' मी म्हणालो.
'बरं,' तो म्हणाला.
आणि टॉर्च तसाच धरून चालत राहिला.