जायचं की यायचं

सोहार बंदराच्या मागच्या सबस्टेशनात
रात्री सव्वादोनला बारा नंबरचा रिले म्हणाला,
दोन मायक्रोसेकंद.

एवढंच. पापणी लवते त्याचा
दीड लाखावा हिस्सा.
पण वीज पापणीच्या हिशेबाने चालत नाही.
एका मायक्रोसेकंदापर्यंत माफ,
पुढे माझा फोन वाजतो.

आधी संशय समुद्रावर.
होर्मुझकडे कुणीतरी अधूनमधून
उपग्रहांचा आवाज बुडवून टाकतं,
तेव्हा पडद्यावर जहाजं वाळवंटात नांगर टाकून उभी दिसतात.
आज तसं नव्हतं. गच्चीवरच्या अँटेनाला
अकरा उपग्रह स्वच्छ ऐकू येत होते.

मग सगळ्यांनी चिपला धरलं.
शिबू कुरियन म्हणाला, बदल ना, कपाटात आहे दुसरी.
मी कार्ड बाहेर काढलं.
करंगळीच्या नखाएवढी चिप, आणि शेजारी
पत्र्याच्या डबीत स्वतःची भट्टी पेटवून बसलेला स्फटिक.
बाहेर जुलै, मध्यरात्रीही अडतीस.
आत पंच्याऐंशी, बारा महिने पंच्याऐंशी.
उपग्रह गेले तरी हा
शेवटचा ऐकलेला ठोका धरून ठेवतो,
दिवसभर, थोडा थोडा चुकत.
याच्यावर आळ घ्यायला मन होईना.

नव्या पोरांना मी नेहमी सांगते :
ही चिप फार साधी आहे.
इकडून निरोप, तिकडून निरोप.
जायला किती, यायला किती,
बेरीज, भागिले दोन.
मधला रस्ता तिने कधी पाहिलेला नसतो.
जाणं आणि येणं सारखंच
असं ती धरून चालते.
धरलं नाही तर गणितच सुटत नाही.

हे मनात म्हणताना मी थांबले.

माझे बावा दाभोळच्या खाडीत होडी घालायचे.
ओहोटी लागली की वेलदूरला जायला पंधरा मिनिटं
आणि तिथून यायला अर्धा तास.
एक नवे मास्तर होते, त्यांनी विचारलं,
उस्मानभाई, किती वेळ लागतो?
बावांनी वल्हं पाण्यातून काढलं.
"जायचं विचारता की यायचं?"

दाद करीमला उठवलं. तो इथलाच, बलुच,
कुठला चर कधी खणला हे त्याला तोंडपाठ.
टॉर्च घेऊन कुंपणाच्या कडेने चालत गेलो.
पाइपलाइनवाल्यांनी मार्चमध्ये केबल तोडली होती,
जोडताना एक तार जुन्या चरातून गेली
आणि दुसरी टाक्यांना वळसा घालून.
आठशे मीटर जास्त.
प्रकाशाला तेवढ्यात चार मायक्रोसेकंद लागतात.
चाराचे निम्मे दोन.

चिप खोटं बोलत नव्हती.
तिला जे कळवलं गेलं
त्यातून तिने प्रामाणिकपणे चुकीची वेळ काढली होती.

सेटिंगमध्ये यासाठी एक रकाना असतो.
सहसा कुणी भरत नाही, शून्यच राहतं तिथे.
मी दोन हजार नॅनोसेकंद लिहिले.
दिवा हिरवा झाला. शिबूने जांभई दिली.

इथे साडेतीन, म्हणजे तिकडे पाच.
बावा उठून नळाखाली बादली लावत असतील.
फोन केला की एकच विचारतात, येतेस कधी?
शिबू विचारतो, जातेस कधी?
दोघांना मी एकच तारीख सांगते,
दरवर्षी वेगळी.

नऊ वर्षांपूर्वी विमानाला
मस्कतपर्यंत अडीच तास लागले होते.
आपल्यात निघताना "जाते" म्हणत नाहीत.
मीही अंगणात चपला घालत "येते" म्हणाले,
आणि बावांनी मान हलवली,
जशी ते ओहोटी बघून हलवायचे.

दाद करीम मोजपट्टी गुंडाळत विचारतो,
चहा? साखर किती?
मी म्हणते, नेहमीएवढीच.